स्थलदर्शक नकाशांतून दिसणारे दुधना खोरे : अवर्षणप्रवण प्रदेशाचे नकाशावाचन

प्रस्तावना

वाळवंटी खोऱ्याचा स्थलदर्शक नकाशा वाचण्यास तुलनेने सोपा असतो. वालुकागिरी ठिपक्यांनी दाखविलेले असतात, जलप्रवाह उतारावरून निघून मध्येच संपतात, वस्त्या मोजक्या विहिरींभोवती एकवटलेल्या असतात आणि खोऱ्याच्या तळाशी खारे सरोवर किंवा क्षारपट असतो. असा नकाशा पाहणाऱ्यास प्रदेशाच्या कोरडेपणाविषयी शंका राहत नाही. अर्धशुष्क प्रदेशाचा नकाशा मात्र वाचकाची फसगत करू शकतो. मराठवाड्याचे कोणतेही पत्रक उलगडले, की प्रथम नजरेत भरते ते प्रवाहांचे दाट जाळे. ओहोळ ओढ्यास, ओढा नदीस आणि नदी मोठ्या नदीस मिळत जाते. गावे पाच-सहा किलोमीटरहून दूर क्वचितच असतात. हा प्रदेश पाण्याच्या बाबतीत समृद्ध असावा, असा पहिला समज होतो. त्याच प्रदेशात २०१२-१३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी टँकर धावत होते आणि मोसंबीच्या बागा वाळत होत्या.

प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील दुधना नदीचे खोरे आणि त्यालगतचा प्रदेश भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांवर कसा वाचावा, याचे विवेचन केले आहे. कोरडेपणाची खूण या नकाशांवर आहे. परंतु ती प्रवाहांच्या आकृतिबंधात किंवा त्यांच्या संख्येत नसून रेषेच्या रंगात आहे, आणि नेमका तो रंगच महाविद्यालयीन अभ्यासात गळून पडतो, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

चार पत्रकांचा कोपरा

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,७१८ चौरस किलोमीटर आहे. जुन्या औरंगाबाद जिल्ह्याचा पूर्व भाग आणि परभणी जिल्ह्यातील परतूरचा भाग एकत्र करून तो तयार झाला. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि दक्षिणेस गोदावरी यांच्या दरम्यान तो पसरलेला असून सर्वसाधारण उतार वायव्येकडून आग्नेयेकडे आहे. जिल्ह्यातील सर्व पाणी अखेर गोदावरीलाच मिळते, मात्र वेगवेगळ्या वाटांनी. भोकरदन व जाफराबाद तालुक्यांतील गिरजा, केळणा, जुई, धामणा हे प्रवाह पूर्णेकडे जातात. बदनापूर, जालना, परतूर या मध्यपट्ट्याचे पाणी दुधनेत येते. अंबड व घनसावंगीच्या दक्षिण भागातील ओढे गल्हाटीसारख्या लहान नद्यांतून थेट गोदावरी गाठतात. दुधना पुढे परभणी जिल्ह्यात पूर्णेस मिळते. (ही पूर्णा गोदावरीची उपनदी होय. विदर्भातून वाहत जाऊन तापीस मिळणारी पूर्णा वेगळी. उत्तरपत्रिकांत या दोन नद्यांची सरमिसळ वारंवार आढळते.)

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रक-क्रमांकनात चार अंश अक्षांश व चार अंश रेखांशाच्या प्रत्येक चौकटीस एक क्रमांक दिलेला आहे. तिचे सोळा भाग करून त्यांना इंग्रजी अक्षरे आणि प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा भाग करून त्यांना १ ते १६ हे आकडे दिले जातात. या पद्धतीने मिळणारे पंधरा मिनिटांचे पत्रक १:५०,००० या प्रमाणावर काढलेले असते. जालना शहर ४७ एम/१३ या पत्रकावर येते. अंबड त्याच्या खालच्या ४७ एम/१४ वर, परतूर ५६ ए/२ वर, मंठा ५६ ए/६ वर, भोकरदन ४६ पी/१५ वर आणि जाफराबाद ५५ डी/४ वर आहे. एकाच जिल्ह्यातील सहा तालुक्यांची ही ठिकाणे ४६, ४७, ५५ व ५६ अशा चार निरनिराळ्या मुख्य चौकटींत विभागली गेली आहेत. याचे कारण असे, की २० अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश यांचा छेदनबिंदू देऊळगाव राजाच्या अगदी जवळ, जालना-बुलढाणा सीमेच्या परिसरात पडतो. चारही चौकटींचे कोपरे तेथे एकत्र येतात.

ही बाब वरवर तांत्रिक वाटली तरी अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वीस अंश अक्षांशावर पंधरा मिनिटांचे पत्रक उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६.१ किलोमीटर प्रदेश दाखविते, म्हणजे एका पत्रकात साधारण ७२५ चौरस किलोमीटर क्षेत्र मावते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने जिल्ह्यास अकरा पत्रके पुरावयास हवीत. प्रत्यक्षात सीमा वेड्यावाकड्या असल्याने त्याहून बरीच अधिक लागतात. महाविद्यालयाच्या संग्रहात सलग पत्रके क्वचितच असतात. मग अभ्यास एका पत्रकापुरता मर्यादित होतो आणि खोरे कागदाच्या कडेवर तुटते. जाफराबाद हे केळणा-पूर्णा संगमावर वसलेले आहे. परंतु ते ७६ अंश रेखांशाच्या थोडेसेच पूर्वेस असल्याने केळणेचे वरचे खोरे एका चौकटीत आणि संगम दुसऱ्या चौकटीत जातो. दुधनेचेही तसेच. तिचा वरचा भाग ४७ एम मध्ये, तर परतूरकडील भाग ५६ ए मध्ये आहे.

याच कोपऱ्याला राजकीय इतिहासही आहे. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर देऊळगाव राजा व लोणार हा वऱ्हाडचा भाग. दोन प्रशासनांच्या सीमेवरील हा पट्टा दोन्हीकडच्या दृष्टीने टोकाचा होता. आजही जिल्ह्याची स्वतंत्र आकडेवारी सीमेवर थांबते, ओढा मात्र थांबत नाही.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी खुल्या नकाशांची स्वतंत्र मालिका निघाली. तिच्यात क्रमांकन बदलले असून जगाच्या दशलक्षी नकाशाची सहा अंश रेखांशाची चौकट आधारभूत धरली आहे. त्यानुसार ४७ एम/१३ हे पत्रक ई ४३ एम १३ झाले आणि ५५ डी/४ हे एफ ४३ टी ४ झाले. नव्या रचनेत ७२ ते ७८ अंश रेखांशांचा पट्टा एकच असल्याने ७६ अंशावरील जुनी फट नाहीशी झाली. वीस अंश अक्षांशावरील तेवढी उरली. २०१७ पासून ही पत्रके संकेतस्थळावरून विनामूल्य उपलब्ध झाल्याने सलग खोरे जुळविण्याची अडचण बरीच कमी झाली आहे.

वाळवंटी खोरे आणि दुधनेचे खोरे

पाऊस आणि संभाव्य बाष्पीभवन-बाष्पोच्छ्वास यांच्या गुणोत्तरावरून प्रदेशाची शुष्कता ठरविली जाते. हे गुणोत्तर ०.०५ ते ०.२० असल्यास प्रदेश शुष्क आणि ०.२० ते ०.५० असल्यास अर्धशुष्क मानला जातो. जालना जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ६५० ते ७५० मिलीमीटर असून वातावरणाची बाष्पीभवनाची वार्षिक क्षमता त्याच्या दुपटीहून अधिक आहे. जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे वर्गीकरणाने हा प्रदेश अर्धशुष्क आहे, वाळवंट नाही. तथापि उरलेल्या आठ महिन्यांपुरता विचार केला, तर त्याचे जलविज्ञान वाळवंटाच्या बरेच जवळ जाते.

भेद आहे तो पाण्याच्या शेवटात. खऱ्या वाळवंटी खोऱ्याचे जलनिस्सारण बहुधा अंतर्गत असते. राजस्थानात मेंढा व रूपनगढ या नद्या सांभर सरोवरात विसर्जित होतात आणि तेथून पाण्याला वाफ होण्याखेरीज वाट नाही. मध्य आशियातील तारीम खोरे हे याचे भव्य उदाहरण होय. तेथील लोप नोर सरोवराच्या जागेविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा वाद झाला होता. रशियन संशोधक प्रझेवाल्स्की यांना १८७६-७७ च्या प्रवासात सरोवर जेथे आढळले, ती जागा चिनी नकाशांवरील जागेशी जुळत नव्हती. स्वेन हेडिन यांनी पुढे स्पष्टीकरण दिले, की सपाट वाळवंटात नदी आपले पात्र बदलते आणि तिच्याबरोबर सरोवरही स्थलांतर करते. दोन्ही नकाशे आपापल्या काळापुरते बरोबर होते. पुढे वरच्या अंगास पाणी अडविले गेल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सरोवर पूर्णपणे आटले. नकाशाच्या कडेला छापलेले सर्वेक्षणाचे वर्ष का वाचावे, हे पटवून देण्यास यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

अंतर्गत जलनिस्सारणाचा नमुना पाहण्यासाठी जालन्याच्या विद्यार्थ्याला राजस्थानात जाण्याचीही गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार जालन्यापासून सरळ रेषेत ६५ ते ७० किलोमीटरवर आहे आणि ५६ ए/९ या पत्रकावर दिसते. उल्कापाताने बसाल्ट खडकात निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. नकाशावर सभोवतालचा प्रदेश विरळ समोच्च रेषांचा आणि त्यातच ही एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या वर्तुळाकार रेषांची कडी, असे दृश्य दिसते. कड्यावरून आत येणारे झरे व ओहोळ तळाच्या सरोवरात थांबतात. बाहेर जाणारा एकही प्रवाह नाही. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात आणि म्हणून सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. येथील क्षाराचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आलेला आहे. पावसाचे मान फारसे वेगळे नसतानाही एका लहानशा बंद भूरूपात वाळवंटी सरोवराचे रसायन तयार होते, ही गोष्ट शुष्कतेइतकेच जलनिस्सारणाचे स्वरूपही निर्णायक असते हे दाखविते.

दुधनेचे खोरे याच्या उलट पूर्णतः खुले आहे. येथील क्षार पावसाळ्यात धुऊन जातात, त्यामुळे क्षारपट किंवा खारे सरोवर तयार होत नाही. म्हणूनच कोरडेपणाची जी ठळक चिन्हे विद्यार्थी पाठ्यपुस्तकातून शिकलेला असतो, त्यांपैकी एकही त्याला येथील पत्रकावर सापडत नाही.

काळी रेषा आणि निळी रेषा

प्रवाहांचे जाळे इतके दाट का, याचे उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांनी हा प्रदेश बनलेला आहे. घट्ट काळ्या पाषाणाचा थर, त्यावर सच्छिद्र मांजऱ्या खडकाचा थर, मधून तांबड्या मातीसारखा पातळ थर, अशी ही आडवी मांडणी आहे. घट्ट बसाल्टमध्ये पाणी केवळ भेगांतून आणि सांध्यांतूनच मुरते. शिवाय खोलगट भागातील काळी चिकण माती एकदा ओली झाली, की फुगून पाण्याचा खाली जाण्याचा मार्ग अडवते. परिणामी जोराच्या पावसाचा मोठा हिस्सा पृष्ठभागावरूनच वाहतो आणि वाहणारे पाणी स्वतःसाठी असंख्य लहान वाटा कोरते. वनस्पतींचे आच्छादन विरळ असल्याने हे कोरणे अधिकच सुलभ होते. दाट जाळे हे येथे मुबलक पाण्याचे लक्षण नसून पाणी न मुरण्याचे आणि वेगाने निघून जाण्याचे लक्षण आहे. वालुकामय प्रदेशात पाऊस थेट मुरत असल्याने नकाशावर प्रवाह मोजकेच दिसतात. त्यामुळे केवळ रेषांच्या दाटीवरून तुलना केली, तर थरचा वाळूचा पट्टा आणि मराठवाड्याचा बसाल्ट यांच्याविषयी चुकीचे अनुमान निघणे स्वाभाविक आहे.

मग नकाशाने कोरडेपणा सांगितलाच नाही काय? सांगितला आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतानुसार ज्या प्रवाहात वर्षभर पाणी असते तो निळ्या रंगात आणि जो वर्षाचा काही काळ कोरडा पडतो तो काळ्या रंगात दाखवितात. रुंद पात्राच्या नदीत उन्हाळ्यात एखादीच धार उरत असेल, तर कोरडे पात्र आणि त्यातील निळी धार वेगवेगळी दर्शविली जाते. तलावांसाठीही बारमाही व कोरडा असे दोन संकेत आहेत. पक्क्या बांधकामाच्या व कच्च्या विहिरींची चिन्हे निरनिराळी आहेत. काठाची किंवा पात्राची सापेक्ष उंची-खोली आकड्यापुढे अक्षर लिहून दिलेली असते. हे सर्व संकेत एकत्र वाचले, की दुधना खोऱ्याचे चित्र पालटते. पहिल्या व दुसऱ्या श्रेणीचे प्रवाह, म्हणजे जाळ्याचा बहुतांश भाग, काळा असतो. निळा रंग धरणांच्या जलाशयांत, काही तलावांत, विहिरींच्या ठिपक्यांत आणि मोठ्या नदीच्या पात्रातील तुटक धारेत उरतो. वाळवंटी खोऱ्याशी असलेले नाते येथे प्रकट होते.

काळी रेषा म्हणजे पाण्याचा पूर्ण अभाव, असेही समजू नये. नदीचे पात्र वरून कोरडे असले तरी वाळूच्या थरात पाणी काही काळ टिकते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पात्रात झिरे खोदून पाणी भरण्याची पद्धत यावरच उभी होती. पात्रातील वाळूच्या उपशामुळे हा साठा कमी होत जातो आणि तीच काळी रेषा पूर्वीपेक्षा अधिक कोरडी होते. ही घट नकाशावर उमटत नाही, कारण रंग तोच राहतो. दोन सर्वेक्षणांच्या पत्रकांची तुलना मात्र उद्‌बोधक ठरते. एक इंच म्हणजे एक मैल या जुन्या प्रमाणावरील पत्रक आणि दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतरचे १:५०,००० चे पत्रक शेजारी ठेवून निळ्या रेषांचा विस्तार तपासणे, हा एका सत्राचा उत्तम प्रकल्प होऊ शकतो. त्यात दोन्ही सर्वेक्षणे कोणत्या वर्षांत झाली आणि ती वर्षे अवर्षणाची होती काय, हे पाहणे अर्थातच आवश्यक आहे.

रंग कोठे हरवतो

स्थलदर्शक नकाशाचे वाचन हा पदवीच्या प्रात्यक्षिकाचा अनेक वर्षांचा भाग आहे. परंतु मूळ रंगीत पत्रके जपून ठेवली जातात आणि विद्यार्थ्यांच्या हाती पडतात त्या छायाप्रती. कृष्णधवल छायाप्रतीत निळी आणि काळी रेषा सारखीच उमटते. जंगलाचा हिरवा व शेतीचा पिवळा या छटा गेल्या तरी अक्षरांवरून व चिन्हांवरून काम भागते. प्रवाहांच्या बाबतीत रंग गेला की माहितीच जाते. विद्यार्थी मग वृक्षाकार जलप्रणाली ओळखतो, तिचे नाव लिहितो आणि गुण मिळवितो. त्या प्रणालीत पाणी किती दिवस असते, हा प्रश्न त्याच्यासमोर येतच नाही.

संशोधनाच्या पातळीवरही हेच घडते. हॉर्टन यांनी १९४५ मध्ये आणि स्ट्रॅलर यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या प्रवाह-श्रेणीच्या पद्धतीवर आधारित खोऱ्यांचे रूपमितीय विश्लेषण हा महाविद्यालयीन नियतकालिकांतील आवडता विषय झाला आहे. प्रवाहांची संख्या, लांबी, द्विशाखन गुणोत्तर, जलप्रवाह घनता यांची कोष्टके काळजीपूर्वक दिलेली असतात. मात्र संगणकावर अंकीकरण करताना निळ्या व काळ्या रेषा एकाच थरात घेतल्या जातात आणि रंगाची नोंद ठेवली जात नाही. फेब्रुवारी २००० मधील अवकाशयान-रडार सर्वेक्षणापासून किंवा २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या माहितीपासून मिळणाऱ्या उंचीच्या प्रतिमानावरून संगणक जे प्रवाह आखतो, त्यांना तर मुळातच रंग नसतो. उतार कोठे एकवटतो एवढेच संगणकाला कळते. पाणी तेथून प्रत्यक्ष वाहते काय आणि किती काळ, हे कळत नाही. अशा विश्लेषणातून बंधाऱ्याची जागा सुचविली जाते तेव्हा ही उणीव केवळ शास्त्रीय राहत नाही. चौथ्या श्रेणीचा प्रवाह कोष्टकात भरवशाचा दिसतो, पण अर्धशुष्क प्रदेशात श्रेणी वाढली म्हणून प्रवाह बारमाही होईलच असे नाही.

उपाय अवघड नाही. अंकीकरणाच्या वेळी प्रत्येक रेषेसोबत रंगाचा एक रकाना ठेवावा आणि जलप्रवाह घनता दोनदा काढावी, एकदा सर्व रेषांची व एकदा केवळ निळ्यांची. या दोन आकड्यांतील तफावत हे त्या खोऱ्याच्या कोरडेपणाचे साधे परंतु अर्थपूर्ण माप ठरेल. संगणकाची सोय नसेल तेथे पारदर्शक कागद व दोन रंगांच्या शाया पुरेशा आहेत.

समोच्च रेषांमधील मोकळी जागा

१:५०,००० च्या पत्रकावर समोच्च रेषांमधील अंतर सर्वसाधारणपणे २० मीटरचे असते. अजिंठ्याच्या रांगांत हे अंतर पुरेसे बोलके आहे. दुधनेच्या मध्य खोऱ्यात मात्र ते अपुरे पडते. समजा, जमिनीचा उतार चारशे मीटरला एक मीटर आहे. तर एका समोच्च रेषेपासून दुसरीपर्यंत आठ किलोमीटर जावे लागेल. नकाशावर हे अंतर १६ सेंटिमीटर होते. पूर्ण पत्रकाची रुंदी ५२ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने त्यावर आडव्या दिशेने मोजून तीन-चार रेषा येतील. या मोकळ्या जागेत नकाशा मौन पाळतो. बांध कोठे घालावा, पाणी शेतात कोणीकडे वळेल, हे अर्ध्या मीटरच्या फरकावर ठरते आणि तो फरक येथे दिसत नाही. पाणलोट विकासाच्या आराखड्यात स्थलदर्शक नकाशा हद्द ठरविण्यास योग्य आहे, कामाची जागा ठरविण्यास नव्हे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने महाराष्ट्राची १,५३१ पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आहे. खोऱ्यांच्या हद्दी आखण्याचे ते काम या प्रमाणावर शोभते. शिवारातील चर व नालाबांध यांसाठी प्रत्यक्ष पातळीमापनाला पर्याय नाही.

हीच मोकळी जागा रेल्वेच्या अभियंत्यांना उपयोगी पडली. मनमाड-काचीगुडा मार्ग बदनापूर, जालना, परतूर असा दुधनेच्या खोऱ्यातून सेलूकडे जातो. लोहमार्गाची रेषा नकाशावर नदीला समांतर दिसते, ती या मंद उतारामुळे.

शहराचे पाणी कोठून येते

जालना शहर कुंडलिका नदीच्या काठी आहे. ही दुधनेची उपनदी. नकाशावर शहर, नदी आणि उत्तरेकडील घाणेवाडीचा तलाव हे तिन्ही जवळजवळ आहेत. निजाम काळात बांधलेला हा तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने तेथील पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात येऊ शकते. समोच्च रेषा पाहूनच ही जागा निवडली गेली असावी, असे वाटण्याइतकी ती समर्पक आहे. परंतु तलावाची क्षमता मर्यादित, गाळ साठत गेलेला आणि लोकसंख्या वाढलेली. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराची पाण्याची स्थिती बिकट झाली.

त्यानंतरचे उत्तर नकाशावर दुसऱ्या खोऱ्यात सापडते. जायकवाडीच्या जलाशयातून अंबडमार्गे जालन्यास पाणी आणले गेले. पैठण व जालना यांमधील सरळ अंतर ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, तर जालना सुमारे ५०० मीटर उंचीवर. म्हणजे पाणी जलविभाजक ओलांडून, वर चढवून आणावे लागते आणि प्रत्येक लिटरमागे विजेचा खर्च येतो. उतारावरचा तलाव आणि चढावरची जलवाहिनी या दोन योजनांतील फरक सांगण्यास दोन पत्रके आणि तीन उंचीचे आकडे पुरतात. शिवाय जायकवाडीचा साठा नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पावसावर आणि तेथील धरणांतून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून आहे. जालन्याच्या नळाचे पाणी शोधावयाचे, तर विद्यार्थ्याला सह्याद्रीपर्यंतची पत्रके जोडावी लागतील.

पत्रकावर नसलेले पाणी

गेल्या काही दशकांत या खोऱ्यात झालेला सर्वांत मोठा बदल भूपृष्ठाखाली आहे. मोसंबीच्या बागा, ज्यांच्या फळाला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, प्रथम विहिरींवर आणि नंतर विंधन विहिरींवर वाढल्या. नलिका विहिरीचे चिन्ह सर्वेक्षणाच्या संकेतांत आहे, परंतु शेतोशेती घेतलेल्या विंधन विहिरी या प्रमाणावर दाखविणे शक्य नाही. घट्ट बसाल्टच्या खोल भेगांतील पाणी एकदा उपसले, की ते भरून येण्यास फार काळ लागतो. बाग हिरवी असलेल्या शिवारातून जाणारी काळी रेषा याच उपशाचा परिणाम असू शकते. विहिरीची पातळी पात्राच्या तळाखाली गेली, की हिवाळ्यात ओढ्याला मिळणारा पाझर थांबतो.

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव या संदर्भात विशेष पाहण्यासारखे आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती व नाला उपचार झाले. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन त्यास लाभले. पुढे द्राक्षबागा आणि मोठ्या संख्येने शेततळी आली. दुष्काळी वर्षांतही गावाने बागा टिकविल्या, म्हणून अनेक अभ्यासगट तेथे जातात. तथापि शेततळ्याचे दोन प्रकार वेगळे ठेवावयास हवेत. वाहून जाणारे पाणी अडवून भरलेले तळे आणि विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तरावर साठविलेले तळे, दोन्ही उपग्रहचित्रावर सारखेच निळे चौकोन दिसतात. पहिले पावसाचे पाणी थांबविते. दुसरे भूगर्भात सुरक्षित असलेले पाणी उन्हाखाली आणून ठेवते, आणि जेथे बाष्पीभवनाची क्षमता पावसाच्या दुपटीहून अधिक आहे तेथे ही देवघेव खर्चिक ठरते. एका शेतकऱ्याची बाग त्यामुळे वाचते, हेही खरे. शेजारच्या विहिरीवर त्याचा काय परिणाम झाला, हे कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

येथे महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे आणि त्यास मोठा निधी लागत नाही. आपल्या परिसरातील पत्रकावरून वीस प्रवाह निवडावेत, त्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि ऑक्टोबर ते मे या काळात दरमहा एकदा विद्यार्थ्यांनी प्रत्येक ठिकाणी पाणी आहे किंवा नाही एवढेच लिहावे. रस्त्यावरील पूल व फरशा ही त्यासाठी सोयीची ठिकाणे. सलग चार-पाच वर्षांच्या अशा नोंदींतून कोणता ओढा कोणत्या महिन्यात थांबतो याचे कोष्टक तयार होईल. मग पत्रकावरील काळ्या रेषांचीही प्रतवारी करता येईल. नोव्हेंबरला आटणारी रेषा निराळी, फेब्रुवारीपर्यंत चालणारी निराळी. पाणलोट उपचारांपूर्वीच्या व नंतरच्या स्थितीची तुलना करण्यास आज जो आधार बहुतेक गावांत उपलब्ध नाही, तो या कोष्टकातून मिळू शकेल.